सोनाराची साखर

आर्णीत सोनार पारखायची एकच रीत आहे, आणि ती कुणी उघड कबूल करणार नाही. आम्ही त्याचा काटा पाहत नाही, त्याच्या बायकोचा गळा पाहतो. गळा भरलेला असला की आपलं सोनं बिनघोर त्याच्या हवाली करतो. ज्याच्या घरातच काही नाही तो दुसऱ्याचं काय सांभाळणार? उपाशी मांजराला कुणी दुधाची राखण देतं का?

मी पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. आर्णीतल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या निम्म्या बायका माझ्या हाताखालून गेल्या आहेत. त्यामुळे ‘इंदुताई म्हणाल्या’ म्हटलं की इथं विषय संपतो. हे मला फार आवडायचं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना माझी कीव करायचं कारण नाही.

दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. फकिरा सोनाराची बायको एका बारशाला एक ग्रॅमच्या पाटल्या घालून आली. खऱ्या म्हणे माहेरी भाचीच्या लग्नात घालायला दिल्या होत्या. मी तिचं मनगट हातात धरलं आणि भर बायकांत म्हटलं, “काय व, सोनाराघरी मुलामा?” सगळ्या खो-खो हसल्या. ती पण हसली बिचारी. पण पंधरा दिवसांत फकिराच्या दुकानातून सगळ्यांनी आपापलं सोनं उचललं. आता तो राजूरकडे खाणीच्या रस्त्यावर चहाची टपरी चालवतो असं ऐकते. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट बायका म्हणायला लागल्या की इंदुताईंची नजर म्हणजे कसोटीचा दगड, आणि मी ते ऐकून घेतलं.

फकिराचं जे झालं ते अनंतभाऊंनी पाहिलं होतं. त्यांचंही सोन्याचंच दुकान, बाजाराच्या तोंडाशी, वडिलांच्या काळापासूनचं. त्यांच्या बायकोला, रत्नप्रभाला, सासऱ्यानं लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं की सोनाराच्या सुनेनं मोकळ्या गळ्यानं उंबरा ओलांडायचा नाही. तिनं तो शब्द अठ्ठावीस वर्षं पाळला. भाजी घ्यायला निघाली तरी गळ्यात पोहेहार, हातात पाटल्या आणि तोडे, दंडात वाकी. वैशाखाच्या उन्हात घामानं निथळायची, पण अंगावरचा मणी कमी होत नसे.

मी तिला चिडवायची. “रत्ना, वांगे घ्यायले आली का वरातीले?”

ती हसायची. “ताई, हे माह्यं थोडीच आहे? दुकानाचं आहे. मी आपली खुंटी.”

आणि आम्ही सगळ्या त्या खुंटीकडे पाहून आमचं सोनं तिथं द्यायचो. कुणी जुनं मोडून नवं करायला द्यायची. बाकीच्या भिशीत असायच्या. दर महिन्याला थोडे थोडे भरायचे आणि अक्षय तृतीयेला दागिना घ्यायचा. त्या भिशीत चाळीस-पन्नास बायका मीच आणल्या होत्या. पावती कुणी मागायची नाही. रत्नाचा गळा हीच पावती.

त्या दुकानाची आणखी एक रीत होती. दागिना तयार झाला की अनंतभाऊ डबीला कुंकू लावायचे आणि गल्ल्याजवळच्या पितळी वाटीतली चिमूटभर साखर गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचे. ती दुकानाच्या पायरीवर उभं राहून खायची, मगच खाली उतरायचं. समोर बांगड्या विकणारी चंदाबाई लगेच विचारायची, “काय केलं व, बाई?” मग डबी उघडून दाखवायची. साखर खाल्ली म्हणजे काम मनासारखं झालं, हिशेब पुरा झाला. साखर न खाता त्या पायरीवरून कुणी डबी घेऊन उतरलेलं आर्णीनं पाहिलं नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर रत्ना दिसेनाशी झाली. अभिषेक, त्यांचा मुलगा, नागपूरला शिकतो. त्याच्या खाण्यापिण्याचे हाल होतात म्हणून आई तिकडे जाऊन राहते, असं अनंतभाऊ सांगायचे. पण शनिवार-रविवार ती हटकून आर्णीत असायची. घरी नाही, दुकानात. गल्ल्याशेजारच्या खुर्चीवर नखशिखांत सजून बसायची. बोलायची कमी. मला वाटलं, पैसा वाढला तशी आढ्यता आली. असं दोघी-तिघींना बोलूनही दाखवलं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मी वाण द्यायला तिच्या घरी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. हाक मारत सरळ स्वयंपाकघरात शिरले, आमच्यात तेवढी सलगी होती. रत्ना पाटावर बसली होती. दागिने समोरच्या ताटात काढून ठेवले होते आणि गळ्यावर ओलं धोतराचं फडकं. मला पाहून ती घाईनं पदर ओढायला गेली तसं फडकं खाली पडलं.

तिच्या गळ्याची कातडी काळी पडून सोलून निघाली होती. आतलं लाल दिसत होतं. आणि त्या लालीवर पोहेहाराच्या पदरांच्या ओळी उमटल्या होत्या.

“गाठ निघाली, ताई,” ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. “गळ्यात. नागपूरले शेक देऊन राह्यले मशीनचा. सोमवार ते शुक्रवार. एकूण तेहतीस वेळा, पंधरा झाले.”

“आणि त्याच्यावर तू सोनं घालून बसते? डॉक्टर काय म्हणते?”

“डॉक्टर म्हणते सुताचा पदरही लागू देऊ नका. एक दिवसही चुकवू नका. चुकला तर मागचं सारं वाया जाईन.”

 मला खरंच रडू आलं. रत्नाच मला म्हणाली, “रडू नका ना. बरी होईन मी. डॉक्टरच म्हणते, पुरे तेहतीस घेतले तर गाठ जाते. फक्त हे कोणाले सांगू नका. सोनाराच्या घरात एवढं मोठं दुखणं आलं म्हणल्यावर लोक म्हणतीन, आपलं सोनं आता दवाखान्यात जाईन. मंग सगळ्या एकदमच येतीन. भाव पाहता ना तुम्ही, रोज वर चढून राह्यला. भिशीचं सोनं तर अक्षय तृतीयेले द्यायचं. आजच द्या म्हणलं तर कोणता सोनार टिकन? दुकान गेलं तर दवाखाना कायच्या भरवशावर?”

“नाही व सांगत,” मी म्हटलं.

“अजून साडेतीन आठवडे. तेवढं निभलं की झालं.”

“मितालीची शपथ. माह्या तोंडून शब्द निघणार नाही.”

मिताली माझी मुलगी, एकुलती एक. वैशाखात तिचं लग्न ठरलं होतं. माझ्या आईचं नऊ तोळे सोनं मोडून तिच्यासाठी पोहेहार करायला मी अनंतभाऊंकडेच दिलं होतं.

घरी आले आणि तेच सोनं डोक्यात बसलं. रत्नाचा गळा डोळ्यांपुढे यायचा आणि त्याच्या मागोमाग आईचं सोनं. तिचं दुखणं लांबलं तर? कुठून तरी फुटलंच तर? सगळ्या येतील आणि मी मात्र शपथ सांभाळत मागे राहीन. मी काही वाईट चिंतत नव्हते. मी फक्त आपलं जपत होते, आणि जगात बहुतेक वाईट कामं माणसं असंच म्हणून करतात.

सकाळी मी नवऱ्याला म्हटलं, “हार घरी आणून ठेवते.”

पुंडलिकराव तहसीलमधून रिटायर झालेले, पेपरातून डोकं वर काढणं त्यांना जड जातं. “काहून? आजवर कधी कमी आलं का त्याच्याकडून?”

“कमी नाही आलं. पण पोरीचं लग्न आहे.”

“मंग जा. तुह्यापुढं कोण बोलन?”

अकरा वाजता मी दुकानात गेले. रत्ना पहाटेच्या एसटीनं नागपूरला गेली होती. अनंतभाऊ एकटेच होते. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

“या ताई. रत्नानं सांगतलं मले. तुमच्यापाशी बोलली, तिचं मन हलकं झालं म्हणे. इतक्या दिवसात पहिल्यांदा नीट झोपली.”

 तरी मी बोलले. “अनंतभाऊ, मितालीचा हार द्या. व्याह्यांना दाखवायचा आहे.”

“अजून जिल्हई देऊन चकाकी आणायची आहे, ताई. मागची कडी बसवायची आहे.”

“असू द्या. आहे तसाच द्या.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. एवढी वर्षं वर्गात पोरांच्या थापा पकडल्या, त्यामुळे आपली पकडली गेली हे मला लगेच कळतं. त्यांनी तिजोरीतून हार काढला, काट्यावर ठेवून मला वजन दाखवलं, डबीत घातला. डबीला कुंकू लावायला बोट बुडवलं आणि थांबले.

“मागच्या दारानं जा ताई. गल्लीतून.”

हे मला झोंबलं. “मी काय चोरी केली आहे का?”

“तसं नाही. बरं, मंग हे तरी घ्या.” त्यांनी डबीला कुंकू लावलं आणि पितळी वाटी माझ्यापुढे धरली. “साखर खाऊन जा. लोक पाहून राह्यले.”

मला काहीच समजलं नाही असं म्हणायला मला आवडलं असतं. मला सगळं समजलं होतं. पण अपराधी माणूस चिडका असतो, आणि मी तर मुळातच चिडकी. ती साखर हातावर घेतली असती तर माझं मलाच तोंड दाखवता आलं नसतं. “काम पुरं नाही झालं, तर कायची साखर?” असं मी म्हटलं, पदरानं डबीवरचं कुंकू पुसलं आणि समोरच्या दारानं, त्याच पायरीवरून, डबी छातीशी धरून खाली उतरले.

चंदाबाई बांगड्यांच्या गाडीवरून पाहत होती. “साखर नाही खाल्ली, ताई?”

“दागिना तयार नाही झाला अजून.”

“मंग नेऊन काहून राह्यल्या?”

याला एखादं साधं उत्तर देता आलं असतं. व्याह्यांचं कारण तर तयारच होतं. पण मी फटकन म्हटलं, “तुले कायले पाह्यजे भलत्या चौकशा?” आणि तरातरा निघून गेले.

शपथ मी मोडली नाही. तोंडातून शब्द काढला नाही.

दुपारी चंदाबाईच्या दोन बहिणी दुकानात गेल्या. संध्याकाळपर्यंत आठ-दहा जणी. दुसऱ्या दिवशी खेड्यांतल्या बायका ऑटो करून आल्या, कुणी नवऱ्याच्या गाडीवर. तूर काढायची सोडून आल्या होत्या. पायरीवर चपलांचा ढीग. सगळ्यांच्या तोंडी एकच होतं, ‘इंदुताईंनी काढून घेतलं’. काय झालं, काहून काढलं, कुणी विचारत नव्हतं. इंदुताईंनी पाहिलं असंन म्हणूनच काढलं, एवढं त्यांना पुरे होतं.

बुधवारी रत्ना नागपूरहून परत आली. सतरा शेक झाले होते, सोळा राहिले होते. अनंतभाऊंनी हात जोडून तिला परत जायला सांगितलं, मागोमाग आलेला अभिषेक आईवर ओरडला, असं मला नंतर शेजारणीकडून कळलं. ती म्हणाली म्हणे, मी खुर्चीवर दिसली की लोक शांत होतीन, दोन दिवसांत जातो. आणि सगळे दागिने चढवून ती जाऊन बसली.

दोन दिवसांचे चार झाले. लोक शांत झाले नाहीत. आता तिच्या अंगावरचं सोनं पाहून बायकांना वेगळंच वाटायला लागलं होतं. पूर्वी तेच सोनं पाहून त्या म्हणायच्या, एवढं आहे म्हणजे आपलं सुखरूप आहे. आता म्हणत होत्या, आपल्याला थांबा म्हणते अन् सोताच्या अंगावर पाहा कसं आहे. आपलंच घालून बसली असंन. सोनं तेच, खुर्ची तीच.

शनिवारी मला घरात बसवेना. मी दुकानात गेले. गर्दी हटवत पुढे जाऊन मास्तरणीच्या आवाजात म्हटलं, “बायांनो, ऐका. अनंतभाऊंचा व्यवहार चोख आहे. कोणाचं बुडणार नाही. घरी जा.”

मथुराबाई पुढे उभी होती. वाडीवरची, माझी जुनी विद्यार्थिनी. भांडकुदळ नव्हे, साधी बाई. तिनं मला विचारलं, “मंग बाई, तुम्ही तुमचं काहून नेलं?”

 खरं कारण सांगायचं तर रत्नाचं दुखणं सांगावं लागलं असतं, आणि दुखणं सांगितलं असतं तर उरलेल्याही धावत आल्या असत्या. मी रत्नाकडे पाहिलं. तिनं मान किंचित हलवली. नको. मी गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्यानं बायकांच्या संशयावर शिक्कामोर्तब झालं.

“देण्यासारखं तिजोरीत संपलं, मथुराबाई,” अनंतभाऊ म्हणाले. “आठ दिवस द्या. यवतमाळहून आणून देतो.”

“दुकानात नसंन. वहिनीच्या अंगावर तर आहे.” मथुराबाई हे ओशाळत बोलली, पण बोलली.

रत्ना उठली. आधी तोडे काढले, मग पाटल्या. मनगटं बारीक झाली होती, त्या अलगद निघाल्या. एकेक काट्यावर जात होतं आणि एकेक बाई आपलं घेऊन बाजूला होत होती. शेवटी तिनं पदर बाजूला केला आणि पोहेहाराच्या फासाला हात घातला. हार निघेना. कातडीला चिकटला होता. तिनं डोळे मिटले आणि ओढला.

समोरच्या बायकांनी तो गळा पाहिला. मथुराबाईच्या तोंडून “बाई व माय!” निघालं. ती दोन पावलं मागे सरकली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण सोन्यासाठी पुढे केलेला हात तिनं मागे घेतला नाही. मी तिला नावं ठेवत नाही. माझ्या घरी कपाटात डबी होतीच.

त्या आठवड्यात सगळ्यांचं सोनं मिळालं. एकीचंही गुंजभर कमी आलं नाही. राहतं घर पडेल त्या भावात विकून अनंतभाऊंनी शेवटच्या बाईपर्यंत चुकतं केलं आणि दोन खोल्यांत भाड्यानं राहायला गेले. नागपूरला रत्ना परत गेली तेव्हा मध्ये बारा दिवस पडले होते. डॉक्टर फार रागावले. जिथं सोडलं तिथून धरता येत नाही, म्हणाले. तरी उरलेले शेक दिले. पण गाठ पुन्हा वाढली, या वेळी वेगानं.

वैशाखात मितालीचं लग्न थाटात झालं. हार यवतमाळच्या सोनाराकडून पुरा करून आणला होता. लग्नानंतर चार दिवसांनी मी रत्नाला पाहायला गेले. जायचं धाडस त्याआधी झालं नव्हतं. खोलीत कूलरचा खडखडाट चालला होता. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. गळ्यात काळ्या मण्यांचा दोरा, त्यात सोन्याचा मणीसुद्धा नव्हता. नुसत्या काळ्या मण्यांतला तिचा गळा मी अठ्ठावीस वर्षांत पाहिला नव्हता.

मी पाय धरले तिचे. ते तिनं ओढून घेतले. आवाज जवळजवळ गेलाच होता, मी कान जवळ नेला.

“मितालीले शोभला का हार?” तिनं विचारलं.

मी मान हलवली. तिला एवढंच विचारायचं होतं. मग तिनं पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. मला शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन जेवू शकले असते.

आठ दिवसांनी, ऐन ज्येष्ठातल्या दुपारी ती गेली. खोलीत बायकांची दाटी झाली. चंदाबाई होती, मथुराबाई गावाहून आली होती. सगळ्या रडत होत्या आणि म्हणत होत्या, किती सच्ची माणसं, कोणाचं बुडवलं नाही. त्यातली एकही आता अनंतभाऊंकडे अंगठीला टाका मारायलासुद्धा देत नव्हती. घरात काही नाही, त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा?

तिला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. तुळशीपत्र आलं, गंगाजल आलं. मग एक म्हातारी म्हणाली, “तोंडात ठेवाले सोन्याचा मणी आणा व कोणी.”

कुणी हललं नाही. सोनाराच्या घरात सोन्याचा एक मणी नव्हता.

माझ्या गळ्यात माझी पोत होती. मी ती ओढून तोडली. मणी जमिनीवर घरंगळले, त्यातला सोन्याचा एक वेचून मी अनंतभाऊंपुढे धरला.  त्यांनी माझ्या तळव्यावरचा मणी पाहिला.

“राहू द्या, ताई,” ते म्हणाले. “तुमचं तुमच्यापाशी बरं.”

आवाजात राग नव्हता. ते उठून आतल्या खोलीत गेले आणि दुकानातली ती पितळी वाटी घेऊन आले. बायकोच्या उशाशी बसले. चिमूटभर साखर घेतली, तिचे ओठ बोटांनी अलग केले आणि आत ठेवली. दागिना पुरा झाल्यावर गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचे, तशी जपून.

मग त्यांनी वाटी माझ्यापुढे धरली.

“घ्या, ताई. तुमची राहून गेलती.”

चंदाबाई पाहत होती. मथुराबाई पाहत होती. मी हात पुढे केला.